एका आण्याचं हिरवं तिकीट

३ दै, १३५३ फसली

टपालखात्यात सारी उमर फसली तारखा घातल्या. आता वजीफा, म्हणजे पेन्शन, घेऊन चारठाण्यात घरी बसलो, तरी हात दुसरी तारीख लिहायला तयार नाही. लोक नोव्हेंबर म्हणतात, म्हणोत.

दिवाळीचा फराळ अजून डब्यात आहे आणि आज झरीचे अण्णासाहेब सर्व्हिस मोटारीनं आले. सोबत पत्र्याची पेटी. अण्णासाहेबांची शेती झरीला, जीव मात्र माझ्यासारखाच टपालाच्या तिकिटांत अडकलेला. त्यांच्या आजोबांचा सरकीचा व्यापार हैदराबादपर्यंत होता आणि म्हाताऱ्यानं आलेला एक लखोटा कधी फेकला नाही. त्या लखोट्यांवर आपल्या हैदराबाद रियासतीची अगदी पहिली तिकिटं आहेत. अर्ध्या आण्याचं तपकिरी, एका आण्याचं हिरवं, आणि पुढच्या काळातली कितीतरी.

"पोस्टमास्तर, एकेक तिकीट तुमच्या नजरेखालनं जाऊ द्या," अण्णासाहेब म्हणाले. "अस्सल कोणतं, मागनं छापलेलं कोणतं, छटा कोणती, कागद कोणता, ते ठरवून समदं पानावर लावून द्या. पुढल्या सालात हैदराबादेत प्रदर्शन हाय. तुमच्या नावानं मांडू."

'तुमच्या नावानं' हे शब्द मी मनात दोनदा घोळवले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाची टपालं वाटली, तेव्हा एवढा मोह माफ असावा.

अण्णासाहेबांनी आणखी एक चांगली बातमी आणली. औरंगाबादला मास्तरणींच्या ट्रेनिंगचा वर्ग आहे, त्यात विमलसाठी जागा होईल असं त्यांनी बोलून ठेवलं आहे. वर्ग अमरदादमध्ये, पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो. विमल माझी एकुलती एक लेक. जावई सेलूला विषमज्वरानं गेले आणि ती परत माझ्याकडे आली. मी आहे तोवर ठीक. माझ्यामागं तिला भावकीच्या दारात उभं राहावं लागू नये, तिच्या हातात तिची स्वतःची भाकरी असावी, एवढी एकच इच्छा आता उरली आहे. विमल ऐकून आनंदली. आईची आठवण काढून डोळे पुसले आणि अण्णासाहेबांना वाकून नमस्कार केला.

डोळ्यांवरून आठवलं. हल्ली मला वाचायला चष्मा लागत नाही. म्हातारपणी देवानं एवढी एक गोष्ट उलटी फिरवली आहे. अण्णासाहेबांना भिंगाशिवाय बारीक अक्षरं वाचून दाखवली. ते चाट पडले.

१२ दै

काम सुरू केलं. ओसरीवर उत्तरेकडून उजेड येतो, तिथं पाट मांडून बसतो.

तिकीट ओळखायचं ते रंग, कागद आणि जलचिन्ह या तिघांच्या साक्षीनं. कागद बोटाला कळतो. जुना कागद जरा खरबरीत आणि जीव असलेला, मागाहून छापलेल्या तिकिटांचा गुळगुळीत आणि पांढराफटक. जलचिन्हासाठी माझ्याकडे काळी बशी आहे. तिकीट पालथं घालायचं, वर बेंझिनचा थेंब सोडायचा, की कागदाच्या पोटातली अक्षरं क्षणभर वर येतात आणि थेंब उडाला की पुन्हा बुडतात. पहिल्या तिकिटांत ती नाहीत, पुढच्यांत आहेत. राहिला रंग. रंग ज्याला कळला त्याला तिकीट कळलं. एकाच किमतीचं तिकीट दर छपाईला वेगळ्या छटेचं निघतं, आणि त्या छटांवरूनच त्याचं वय ठरतं.

तिकीट पानावर लावायची माझी रीत ठरलेली. डिंकाच्या पातळ कागदाची पट्टी एक तृतीयांश दुमडायची. आखूड बाजू तिकिटाला, लांब बाजू पानाला. मग तिकीट दारासारखं उघडतं आणि मागची बाजूही बघता येते. विमलला लहानपणी शिकवायला गेलो तर ती पट्टी नेहमी बरोबर मधोमध दुमडायची. पोळीची घडी घालते तशी. तिकीट मग पानावर ताठ उभं राहायचं. शेवटी तिच्या हातून पट्ट्या काढून घेतल्या होत्या.

लढाईमुळे सगळ्याच वस्तूंचा कस उतरला आहे. अल्बमसाठी नवा कागद आणवला तर तो पहिल्या दिवसापासून पिवळा. दुकानदार म्हणतो पांढराच आहे. त्याचं तोंड कोण धरणार.

२८ दै

विमलला काय झालं आहे कळत नाही. अबोल मुलगी, पण हल्ली प्रत्येक वस्तूचा रंग सांगत सुटते. "अप्पा, निळ्या काठाचा पंचा ठेवलाय." "अप्पा, हिरव्या झाकणाच्या डब्यात सुपारी हाय." अरे, डबा मी आणला आहे, झाकण मला ठाऊक नाही का. आज उंबऱ्याला आणि पायऱ्यांना चुन्याचा जाड पट्टा ओढला. वाळवी लागते म्हणाली. दगडाला वाळवी लागते हे मी प्रथमच ऐकलं.

दुपारी दोरीवर कुणाचं तरी मातकट लुगडं वाळत होतं. "हे कुणाचं गं?" म्हणून विचारलं तर उत्तर न देता आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. औरंगाबादला जायच्या विचारानं मन हळवं झालं असावं.

रॉकेलात भेसळ आहे. दिव्याभोवती मोठं पिवळं खळं पडतं. चंद्रालाही खळं पडलं होतं, म्हणून शेजारच्या कडूबाईला पाऊस येईल, तूर झाकून ठेव म्हणून सांगितलं. पाऊस आला नाही. कडूबाई सांगत होती, तिला खळंबिळं काही दिसलं नाही. तिचं वय झालं.

२२ बहमन

जेवायच्या आधीच लिहायला बसलो.

आज पेटीच्या तळाच्या एका लखोट्यावर एका आण्याचं पहिलं तिकीट मिळालं. कागद अस्सल, कडेचे दाते अस्सल, नक्षी जिथल्या तिथं. आणि रंग तपकिरी. एका आण्याचं तिकीट हिरवंच असतं. तपकिरी शाई अर्ध्या आण्याची. म्हणजे छापखान्यात कुणाचा तरी हात चुकला आणि एका आण्याचा ठसा अर्ध्या आण्याच्या शाईत उतरला. असं तिकीट मी कुठल्याही यादीत वाचलेलं नाही, कुणाकडे ऐकलेलं नाही.

विमलला हाक मारली. तिनं तिकीट हातात घेतलं, उजेडाकडे धरलं.

"काय दिसतं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग तिकिटाकडे. "जुनं दिसतंय, अप्पा."

"जुनं तर आहेच. रंग बघ, रंग."

"उद्या सकाळच्या उजेडात परत बघू. घाई कशाला करायलात?"

मुलीला या गोष्टीचं मोल कळणार नाही, तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. माझ्या जुन्या संग्रहातलं हिरवं तिकीट शेजारी ठेवून पाहिलं. तेही थोडं उतरलं आहे. इतकी वर्षं ऊन लागलं, दुसरं काय होणार. पण ते हिरवं आहे हे मला ठाऊक आहे आणि हे तपकिरी आहे हे मी डोळ्यांनी पाहतो आहे.

१२ इस्फंदार

संक्रांत झाली. तसलं तिसरं तिकीट मिळालं. आधी शंका आली, एवढी दुर्मीळ चीज एकाच पेटीत तीनदा कशी. मग उलगडा झाला. एक तिकीट चुकत नसतं, अख्खा ताव चुकतो. तो ताव हैदराबादच्या एकाच टपालखान्यात गेला असणार आणि आजोबांचा आडत्या तिथूनच पत्रं टाकत असणार. सगळं जुळतं.

अण्णासाहेबांना पत्र लिहून मुंजाजीच्या हाती दिलं. मुंजाजी आमचा टपालवाला, माझ्याच हाताखाली तयार झालेला. पूर्वी फाटकातून हाक मारायचा, हल्ली थेट ओसरीवर येऊन टपाल माझ्या हातात ठेवतो, जाताना काठी माझ्या उजव्या हाताला ठेवून जातो. वजीफेदार झाल्यावर मान वाढतो म्हणायचा.

विमल म्हणाली होती, पत्र चार दिवसांनी टाका. मी ऐकलं नाही.

२७ इस्फंदार

अण्णासाहेब येऊन गेले. त्यांच्यापुढं तीन तिकिटांचं पान ठेवलं. त्यांनी भिंगातून एकेक तिकीट पाहिलं आणि भिंग खिशात ठेवलं. मग पान हळूच मिटलं.

"काशीनाथराव, तुमी म्हणायलात तर तसंच असंल," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, उठून मिठी मारतील. माणूस थक्क झाला की असाच होतो म्हणून सोडून दिलं.

जाताना विमल त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली. मी ओसरीवरून ऐकलं तेवढं लिहितो. अण्णासाहेब म्हणाले, "पोरी, तू किती दिवस झाकणार?" विमल म्हणाली, "पिकेपर्यंत." अण्णासाहेब म्हणाले, "आन् तुझं काय?" पुढचं बैलगाडीच्या आवाजात गेलं.

आत आल्यावर विचारलं, काय पिकेपर्यंत? तर म्हणाली, अंगणातली पपई. पपई ती फडक्यानं झाकून ठेवते खरी, पाखरं टोचतात म्हणून.

५ फरवर्दी

आज घरात मोठा वाद झाला. विमल औरंगाबादला जाणार नाही म्हणते. कारण विचारलं तर एकदा म्हणते जीव घाबरतो, एकदा म्हणते उर्दू कच्चं आहे. उर्दू तिचं माझ्यापेक्षा बरं आहे. मी खूप बोललो. म्हणालो, अण्णासाहेबांनी शब्द टाकला आहे, माझं वय झालं आहे, उद्या मी गेलो तर तू कुणाची भांडी घासणार आहेस? ती भिंतीला टेकून उभी होती. एवढंच म्हणाली, "दोन-तीन सालांनी जाईन, अप्पा. तवर ऱ्हाऊ द्या."

दोन-तीन सालांनी जागा कुणी राखून ठेवत नाही. मला तिचा राग आला, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. पोस्टमास्तरची मुलगी भित्री निघाली. तिची आई अशी नव्हती.

१० आर्दिबहिश्त

रंगपंचमी. पोरं अंगावर रंग टाकून गेली. नुसतं मळकं पाणी. लढाईमुळे विलायती रंग यायचे बंद झालेत, त्याचा परिणाम. धोतर मात्र विमलनं तीनदा धुतलं आणि तरी डाग गेला नाही म्हणाली.

४ खुर्दाद

अण्णासाहेबांचा निरोप आला. लढाई चालू आहे, प्रदर्शनात यंदा तिकिटं मांडायची नाहीत, पेटी तुमच्याकडेच राहू द्या, घाई नाही.

मनात वाईट विचार आला तो इथं लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. शोध माझा लागला हे त्यांना सोसवलं नसेल का? तिकिटं त्यांची, नाव माझं. माणूस कितीही चांगला असला तरी अशा ठिकाणी पाय अडखळतो. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हा विचार पहिल्यांदा आला आणि त्याची मला शरम वाटते, तरी तो जात नाही.

विमलशी बोलणं कामापुरतंच आहे. तिनं औरंगाबादला नकार कळवायला अण्णासाहेबांना सांगितलं आहे, असं मुंजाजीच्या तोंडून कळलं.

१९ तीर

ऊन रणरणतं आहे. विमल दुपारी कडूबाईकडे पापड लाटायला गेली. मी एकटाच होतो. हिवाळ्यात भरलेला अल्बम काढून बसलो. डोळे मिटून तिकिटांवरून बोट फिरवत होतो, जुनी सवय आहे.

अंगठा एका तिकिटाखाली गेला आणि थांबला. तिकीट दारासारखं उघडेना. ताठ उभं राहिलं. पट्टीची घडी मधोमध होती.

दुसरं तिकीट उचललं. मधोमध. त्याखालचं माझ्या हातचं. मग पुन्हा दोन मधोमध. पानामागून पान तसंच. ही पानं मी भरली होती, एकेक तिकीट माझ्या हातानं लावलं होतं, आणि त्यातलं निम्मंशिम्मं कुणीतरी उचलून दुसरीकडे लावलं होतं. या घरात मधोमध घडी घालणारा एकच हात आहे.

अंगातून आग गेली. वाटलं, माझ्यावरचा राग पोरीनं तिकिटांवर काढला. मी तिच्या जाण्यासाठी जीव टाकतो आणि ही माझ्या कामाची नासाडी करते. विमल घरात आली तशी अल्बम तिच्यापुढं टाकला. जन्मात तिच्यापुढं काही टाकलं नव्हतं.

"हे कशासाठी केलंस?"

ती खाली बसली. हात पिठाचे होते, ते पदराला पुसले.

"विमल, मी विचारायलोय."

"चुकीच्या जागी लागली होती, अप्पा."

"कोण म्हणतं चुकीच्या जागी? छटा मला कळतात की तुला?"

तेव्हा ती रडायला लागली आणि रडता रडताच म्हणाली, "तुमाला रंग दिसत न्हाईत, अप्पा. लय दिवस झाले. ती तिन्ही तिकिटं हिरवीच हायेत."

मी म्हणालो, खोटं आहे. मी चष्म्याशिवाय वाचतो.

"वाचता. पण हिरवं तुमाला मातकट दिसतंय, पांढरं पिवळं दिसतंय. दिवाळीनंतर दोरीवर लुगडं होतं, तुमी विचारलं कुणाचं. ते आईचं होतं. हिरवं. तुमीच घेतलेलं."

ते लुगडं मी परभणीच्या बाजारातून घेतलं होतं, कुंकवाच्या रंगाचं की हिरवं यावर दुकानात अर्धा दिवस घातला होता. ते माझ्या डोळ्यांपुढं हललं आणि मी विचारलं, हे कुणाचं.

२० तीर

झोप नाही. सकाळी तिन्ही तिकिटं पाटावर मांडली. मी त्यांच्याकडे पाहिलं. तपकिरी. अजूनही तपकिरीच. ती हिरवी आहेत हे आता मला ठाऊक आहे आणि तरी मला ती हिरवी करता येत नाहीत. हे दुःख कुणाला सांगावं असं नाही, म्हणून इथं लिहितो.

आधी राग होता. सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं, माझ्याच घरात. मुंजाजीला माहीत होतं, कडूबाईला माहीत होतं, अण्णासाहेबांना माहीत होतं. चुन्याचा पट्टा, निळ्या काठाचा पंचा, उजव्या हाताची काठी. सगळं आता एकामागून एक आठवतं आणि कानशिलं तापतात.

मग दुपारी विमलनं ताट वाढलं. वाढताना सवयीनं म्हणाली, "हिरव्या मिरचीचा ठेचा डावीकडं हाय." आणि लगेच जीभ चावली. मी जेवलो. जेवताना लक्षात आलं, की जे पिकायचं होतं ते अंगणात नव्हतं, माझ्या डोळ्यांत होतं.

म्हणजे पोर माझ्यासाठी बसून राहिली. मी तिला भित्री म्हणालो. तिच्या आईचं नाव काढून बोललो. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिनं ते सगळं ऐकून घेतलं, कारण खरं बोलली असती तर माझी तिकिटं गेली असती. मला रडू आलं. तिच्यासमोरच आलं, लपवलं नाही.

"उद्या परभणीला दवाखान्यात जाऊ," मी म्हणालो.

ती म्हणाली, "जाऊ."

२६ तीर

डॉक्टरांनी पापण्या वर करून, बॅटरी मारून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अजून पिकला नाही, पिकला की काढू, दोन सालं लागतील, तीन लागतील. मी म्हणालो, पण मला चष्म्याशिवाय वाचता येतं. ते म्हणाले, "तीच त्याची खूण आहे."

ज्या गोष्टीची गावभर फुशारकी मारली तीच खूण निघाली. येताना झरीच्या थांब्यावर मी विमलला म्हणालो, "उतर."

अण्णासाहेब ओट्यावरच होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, "ती तीन तिकिटं हिरवी आहेत. साधी एका आण्याची. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आणि तुमच्याविषयी मी मनात वाईट आणलं, त्याची माफी द्या."

त्यांनी हाताला धरून मला खाली बसवलं. "मला ठावं होतं की. तिकिटं काय, पेटीत पडून ऱ्हायली असती. माझ्या तोंडानं तुमाला कसं सांगू?"

"आणि पोरीचं वर्ष गेलं ते?"

अण्णासाहेब विमलकडे बघून हसले. "तिनं मला नकार कळवा म्हणून सांगितलं. मी कळवलाच न्हाई. म्हणलं, बापाला कळल्यावर बाप गप बसणारा न्हाई."

विमल खाली मान घालून बसली होती. म्हणाली, "मी गेल्यावर अप्पांचं कोण बघंल?"

याचं उत्तर मी मोटारीत तयार केलं होतं. म्हणालो, कडूबाई भाकरी टाकेल. मुंजाजी रोज येतोच. पायऱ्यांना चुना आहे. आणि तू माझ्याजवळ बसून राहिलीस म्हणून मला हिरवं हिरवं दिसणार नाही. तू गेलीस तर निदान एक गोष्ट तरी, तुझ्या हातातली तुझी भाकरी, मला नीट दिसेल.

ती म्हणाली, "पट्ट्यांची घडी मला अजून येत न्हाई, अप्पा."

"येऊ देऊ नकोस," मी म्हणालो. "बोटांना तुझा हात कळतो."

९ अमरदाद

विमल गेली. जिंतूरपर्यंत सोबत गेलो. ट्रंकेत तिच्या आईचं लुगडं होतं, तिनं विचारलं, नेऊ का? मी म्हणालो, ने. अंगावर घाल. भावकीत कुणी विधवेला हिरवं कसं म्हणून बोललं तर माझं नाव सांग.

मोटार सुटली तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती. हात दिसला. बांगडी होती की नव्हती ते दिसलं नाही.

घरी आलो. घर फार मोठं वाटलं. कडूबाईनं भाकरी आणली, ती घेऊन तशीच ठेवली.

१७ अमरदाद

आज पुन्हा पाट मांडला. पुष्कळ विचार करून एक रीत ठरवली. कागद मी पाहीन, बोटांना मोतीबिंदू होत नाही. जलचिन्ह मी पाहीन, काळ्या बशीत अक्षरं अजून वर येतात, जरा वाकावं लागतं इतकंच. दाते मोजून लिहीन. प्रत्येक तिकिटाखाली कागद, दाते, जलचिन्ह असं लिहायचं आणि रंगापुढची जागा कोरी सोडायची.

मुंजाजी टपाल घेऊन आला तेव्हा पान बघून म्हणाला, "मास्तर, रंग मी सांगू का? मला दिसतंय की."

"नको रे. ते विमलचं काम आहे."

"बरं जी," म्हणाला आणि काठी माझ्या उजव्या हाताला ठेवून गेला. आज त्याचा राग आला नाही.

२१ शहरयूर

विमलचं पत्र. वर्गात चौदा जणी आहेत, जेवण पातळ आहे, भूगोलाचे मास्तर कडक आहेत. एकदाही घाबरते असं लिहिलेलं नाही. लखोट्यावरचं तिकीट कोमट पाण्यात सोडवलं, वाळवलं, काळ्या बशीत पालथं घातलं. लढाईतला कागद, पातळ. थेंब सोडला आणि अक्षरं वर आली. मला ती दिसली. मी ओसरीवर एकटाच हसलो, आणि ते कुणाला दिसलं असतं तरी चाललं असतं.

तिकीट पानावर लावलं. रंगापुढं कोरं.

१४ आजूर, १३५४ फसली

विमल दिवाळीला आली. अंगानं वाळली आहे, आवाज मात्र मोठा झाला आहे. मास्तरणींचा होतोच. अंगावर हिरवं लुगडं होतं. मला मातकट दिसलं, पण आता विचारावं लागलं नाही.

चार दिवस ती पाटापुढं बसून होती. मी कागद आणि जलचिन्ह वाचून दाखवायचो, ती रंग भरायची. काही छटांवर आम्ही भांडलोसुद्धा. तिला जे विटकरी वाटतं ते मी आठवणीतून नारिंगी म्हणतो, आणि दोनदा माझंच बरोबर निघालं. अण्णासाहेब येऊन पान न पान बघून गेले. म्हणाले, प्रदर्शन होईल तेव्हा दोघांच्या नावानं मांडू.

ती आज सकाळच्या मोटारीनं गेली. दुपारी मी अल्बम उघडला. त्या तीन तिकिटांचं पान मी तिला भरायला दिलं नव्हतं, लाज वाटली होती. तिनं ते आपणहून भरलं आहे. पट्ट्या मधोमध दुमडलेल्या, तिकिटं ताठ उभी. खाली तिच्या नीटस अक्षरात लिहिलं आहे:

एक आणा. पहिली छपाई. कागद अस्सल. जलचिन्ह नाही. रंग हिरवा. अप्पांना तपकिरी दिसतो.

मी डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचलं. पेन्सिल हातात घेतली होती, ती खाली ठेवली. शेवटची ओळ खोडली नाही. अल्बम मिटून पेटीत ठेवला आणि कडूबाईला हाक मारून म्हणालो, आज भूक आहे, भाकरी दोन टाक.